काशाची वाटी आणि स्टीलची पट्टी

दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी घरी गेलो होतो. घर म्हणजे लोहारा, यवतमाळला चिकटून असलेलं. पुण्याहून रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून अंग आंबलेलं, चहाची तल्लफ आलेली, आणि आई घरात नाही! बाबा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "पाय घासाले गेली ते."

पाय घासायला म्हणजे त्या मशीनवर. तुमच्याही गावात एव्हाना आली असेल. खाली काशाची गोल थाळी फिरते, वर आपण तूप किंवा तेल लावलेले तळपाय ठेवून खुर्चीत बसायचं. पंधरा-वीस मिनिटांनी तळवे काळेकुट्ट होतात आणि मशीनवाला समाधानाने सांगतो, "पहा, किती उष्णता निघाली!"

आई परत आली ती खुशीत. तळपायाची आग आग होते म्हणून ती दोन महिन्यांपासून जात होती. मी लगेच पुणेरी शहाणपणा सुरू केला, तर म्हणाली, "मले बरं वाटते, मंग तुह्या पोटात काऊन दुखते?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण वर्षभरापूर्वी मी स्वतः हेच करत होतो. फक्त एसीत बसून, आणि बरेच जास्त पैसे मोजून.

झालं असं की दिवसाचे दहा तास माऊस चालवून माझा उजवा कोपर गेला. टेनिस एल्बो. (आयुष्यात टेनिसची रॅकेट हातात धरलेली नाही, तरी!) चहाचा कप उचलताना कळ यायची. ज्या क्लिनिकमध्ये गेलो तिथे स्टीलची एक चकचकीत, वाकडी पट्टी काढून त्यांनी माझा हात खरवडायला सुरुवात केली. "आत गाठी झाल्यात, त्या फोडतोय." दहा सिटिंगचं पॅकेज, पैसे आगाऊ. हातावर लाल चट्टे उठले की मला वाटायचं, वा, पैसे वसूल. दोन दिवस छान जायचे. तिसऱ्या दिवशी कप पुन्हा जड.

दहा सिटिंग संपल्यावर मी ते करायला लागलो जे आपण कोड चालत नसलं की करतो. वाचायला लागलो.

या पट्टीचा इतिहास मोठा मजेशीर आहे. ब्रिटिश डॉक्टर जेम्स सिरिअॅक्स यांनी गेल्या शतकात दुखऱ्या कंडरेवर बोटाने आडवं घासायची पद्धत रूढ केली. त्यात घासणाऱ्याच्या अंगठ्याची वाट लागते. पुढे अमेरिकेत डेव्हिड ग्रास्टन नावाच्या खेळाडूने गुडघ्याच्या दुखापतीनंतर स्वतःसाठी धातूची अवजारं बनवली आणि १९९०च्या दशकात इंडियाना राज्यात त्यावर अभ्यास सुरू झाले. आज त्याच्या नावाच्या पद्धतीत स्टेनलेस स्टीलची सहा अवजारं असतात. आणि चीनमध्ये चिनी मातीच्या चमच्याने किंवा म्हशीच्या शिंगाने अंग खरवडायचा 'ग्वा शा' तर कितीतरी जुना. म्हणजे आमच्या आजीची काशाची वाटी, तो चमचा आणि ती पट्टी ही एकाच खानदानातली मंडळी. शिकलेली तेवढी पट्टी.

आता मुद्द्याचं. याने नक्की होतं काय?

२००९ साली अमेरिकेत उंदरांवर एक अभ्यास झाला. दोन्ही गुडघ्यांच्या अस्थिबंधाला सारखीच दुखापत केली आणि एकाच बाजूला स्टीलच्या अवजाराने आठवड्यातून तीनदा, दर वेळी एक मिनिट घासलं. चार आठवड्यांनी घासलेला अस्थिबंध न घासलेल्यापेक्षा ४३ टक्के मजबूत निघाला. जाहिरातीत आपल्याला इथपर्यंतच सांगतात. पुढची ओळ अशी की बारा आठवड्यांनी दोन्हींत जेमतेम फरक उरला होता. न घासलेली बाजूही आपली आपण भरून आली होती.

माणसांवरच्या चाचण्या एकत्र करून २०१६ साली एक आढावा निघाला. निकषात बसणाऱ्या चाचण्या सापडल्या जेमतेम सात. सांध्याची हालचाल थोड्या वेळापुरती वाढते याला काहीसा आधार मिळाला, दुखण्यावरच्या उपचाराला मात्र पुरेसा नाही. आणि त्या 'गाठी फोडणं'? २००८ च्या एका गणिती अभ्यासाने दाखवलं की तळपायाचं जाड आवरण नुसतं एक टक्का दाबायचं तरी माणसाला सोसणार नाही इतका जोर लागेल. तेव्हा पट्टीने आत काही फुटत नाही. मग बरं का वाटतं? कातडीखालचं रक्त वाढतं, मज्जातंतूंना एक वेगळीच खबर मिळते, आणि मेंदू दुखण्याचा आवाज थोडा वेळ कमी करतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा सर्व्हर रीस्टार्ट आहे. रीस्टार्टला मी नावं ठेवणार नाही, रात्री तीन वाजता त्यानेच कित्येकदा माझी नोकरी वाचवली आहे. पण मेमरी लीक तिथेच असते. रोज रीस्टार्ट करून लीक दुरुस्त केल्याचं बिल लावणाऱ्याला आपण काय म्हणू?

नंतर मी दुसऱ्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांच्याकडेही पट्टी होती. त्यांनी ती तीन मिनिटं वापरली, बाजूला ठेवली, आणि माझ्या हातात दोन किलोचं डंबेल दिलं. मनगट हळूहळू खाली सोडायचं, एक दिवस आड, बारा आठवडे. "पट्टीमुळे थोडा वेळ कमी दुखेल, तेवढ्यात व्यायाम उरकून घ्या," म्हणाल्या. अत्यंत कंटाळवाणा प्रकार! पण कप उचलता यायला लागला. (प्रामाणिकपणे सांगायचं तर टेनिस एल्बो बहुतेकांचा वर्षभरात आपोआपही बरा होतो. त्यामुळे सगळं श्रेय डंबेललाही देत नाही.)

म्हणून माझं मत असं आहे की वाटी, पट्टी, मशीन यांवर भांडण्यात अर्थ नाही. ते हातात घेणारा माणूस आधी काय विचारतो आणि नंतर काय करायला सांगतो, हे बघायचं. आधी तपासणी नाही आणि नंतर व्यायाम नाही, तर मधलं घासणं कितीही शास्त्रीय दिसो, ती मालिशच.

मालिश म्हणून वाटी झकास आहे. लहानपणी उन्हाळ्यात, आमच्याकडे पारा पंचेचाळीसकडे निघाला की आजी रात्री अंगणात वाटी घेऊन बसायची. तिच्या हाताखाली झोप कधी लागायची ते कळायचं नाही. ते सुख खोटं नव्हतं. खोटं आहे ते काळ्या रंगाचं बिल उष्णतेच्या नावावर फाडणं. कासं म्हणजे साधारण ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील. तेल आणि घामाबरोबर घासलं की धातूच काळा उतरतो. पितळी समई फडक्याने घासून बघा, फडकंही काळं होतं. त्या फडक्याला कुठली उष्णता झाली होती?

हे सगळं मी आईला सांगितलं नाही. फक्त विचारलं की मशीनवाल्याने साखरेबद्दल विचारलं होतं का. "त्याले काय करा लागते माह्या साखरेचं?"

आईला मधुमेह होऊन अकरा वर्षं झाली. तळपायाची आग हे उष्णतेचं नाही, नसा खराब होत असल्याचंही लक्षण असतं. सोमवारी सुट्टी टाकली आणि तिला यवतमाळला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नायलॉनचा एक बारीक धागा काढला. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा. आईला डोळे मिटायला सांगून तो तळव्याला एकेक ठिकाणी टेकवत गेले. "लागलं?" "हो." "आता?" "हो." उजव्या अंगठ्याखाली टेकवला. आई वाट बघत बसली. मग म्हणाली, "लावा ना जी."

धागा लावलेलाच होता.

अशा दोन जागा निघाल्या. ज्या पायाला धागा कळत नाही त्याला फिरती थाळी किती तापली, कातडी कुठे सोलली, हेही कळणार नाही. आणि मधुमेहात पायाची छोटी जखम किती महागात पडते हे सांगायला नको. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, पायाच्या शिरा फुगलेल्या असतील, जखम असेल, तर घासण्याआधी विचारावं हा साधा नियम आहे. पण 'पहा किती उष्णता निघाली' यात असे प्रश्न बसत नाहीत. पॅकेजमध्ये तरी कुठे बसतात म्हणा! मला दहा सिटिंगमध्ये कोणी डंबेलचं नाव काढलं नव्हतं.

मशीन बंद झालं. साखरेच्या गोळ्या बदलल्या, घरातसुद्धा चप्पल घालायला सांगितलं, आणि रोज तळवे नीट बघायला. वाटीचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, हाताने, हलक्या हाताने, आणि आधी पाय बघून.

आईला वाकून स्वतःचे तळवे दिसत नाहीत. आता रात्री जेवणं झाली की बाबा मोबाइलचा टॉर्च लावून आधी तिचे दोन्ही पाय बघतात, बोटांच्या मधेसुद्धा, आणि मग वाटी घेतात. चाळीस वर्षांत त्यांनी तिच्या पायाला हात लावलेला मी पाहिला नव्हता. फोनवर आई कुरकुरते की यांना वाटी धड धरता येत नाही. पाय मात्र मागे घेत नाही, असं बाबा म्हणतात.