धूर चंद्रपूरला, उजेड पडघ्याला

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूर आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूर. बाबासाहेबांनी स्वतःच्या उपस्थितीत धम्मदीक्षा दिली ती ही दोन गावं. नागपूर सगळ्या जगाला माहीत आहे. चंद्रपूरला जाणारे आपले लोक तुलनेने कमी, पण जे जातात ते दरवर्षी जातात. मी मावशीकडे उतरतो. एका वर्षी सोहळ्याच्या आदल्या दिवशी मावशीने पांढरी साडी धुऊन गच्चीवर टाकली आणि संध्याकाळी काढली तेव्हा तिच्यावर बारीक काळे ठिपके होते. मावशी म्हणाली, "इथं पांढरं धुतलं का करडंच होते बाप्पा." आणि तीच साडी झटकून तिने दुसऱ्या दिवशी नेसली. ती काजळी कोळशाच्या ट्रकांची, कुणाच्या चुलीची की आणखी कशाची, ते मला सांगता येणार नाही. पण तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

मित्रहो, मागे एकदा हवेच्या प्रदूषणावर बोललो तेव्हा आपल्यातल्याच एका कार्यकर्त्याने विचारलं होतं, "आपले प्रश्न संपले का? आरक्षण, अत्याचार, बेरोजगारी सोडून हे एसीत बसणाऱ्यांचे विषय कशाला?" प्रश्न रागाने विचारला होता, पण खोटा नव्हता. या देशात पर्यावरण हा शब्द बहुतेक वेळा अशाच लोकांच्या तोंडून ऐकू येतो, ज्यांना झोपडपट्टी म्हणजेच प्रदूषण वाटतं. म्हणून उत्तर नीट द्यायला हवं.

आधी हिशेब पाहू. एक युनिट वीज कोळशावर तयार करायला साधारण पाऊण किलो कोळसा जळतो. आपल्या कोळशात राखच ३० ते ४० टक्क्यांच्या घरात. दीड टनाचा एसी रात्रभर चालला की आठ-दहा युनिट जातात. म्हणजे एका खोलीच्या एका रात्रीच्या गारव्यामागे सहा-सात किलो कोळसा आणि दोन-अडीच किलो राख. ती राख त्या खोलीत पडत नाही. ती कुठे पडते हे पाहायचं तर नकाशा उघडा. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता आज २९२० मेगावॉट आहे. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत, म्हणजे मुंबई महानगराच्या दाराशी, साडेसातशे किलोमीटरची उच्चदाबाची थेट वाहिनी टाकलेली आहे. १५०० मेगावॉट वाहून नेण्याची तिची ताकद. तारेतून वीज जाते. धूर, राख, खाणीची धूळ आणि एरई नदीचं दुखणं यांच्यासाठी कुणी वाहिनी टाकलेली नाही. ते तिथेच राहतं.

२००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले. चंद्रपूरला ८३.८८ मिळाले आणि अंकलेश्वर, वापी, गाझियाबादच्या खालोखाल देशात चौथा नंबर आला. आपल्या पोरांना गुणवत्ता यादीत येऊ द्यायचं नाही म्हणणारी व्यवस्था या यादीत मात्र आपल्याला आडकाठी करत नाही!

आता कुणी म्हणेल, मग वीज केंद्रं बंद करा. मी तसं म्हणणार नाही आणि कुठल्याही आंबेडकरी माणसाने म्हणू नये. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्यात होता. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ १९४४ मध्ये उभं राहिलं ते त्यांच्या कारकिर्दीत. दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणीही त्याच काळातली. वीज स्वस्त आणि मुबलक असल्याशिवाय उद्योग उभे राहणार नाहीत आणि उद्योगांशिवाय दारिद्र्याचा फेरा तुटणार नाही, हे त्यांचं सूत्र होतं. त्याआधी १९१८ सालीच शेतीच्या लहान तुकड्यांवर लिहिताना त्यांनी उपाय सांगितला तो औद्योगिकीकरणाचा. खेड्यात परत चला, चरखा फिरवा हा मार्ग त्यांनी नाकारला, कारण त्या खेड्यात आपल्या वाट्याला काय येतं ते त्यांनी भोगलं होतं. यंत्राने अनर्थ होत असेल तर दोष यंत्राचा नाही, त्याचा फायदा मूठभरांच्या घशात घालणाऱ्या समाजरचनेचा आहे, असं त्यांनी गांधीवादाची चिकित्सा करताना मांडलं.

म्हणून "विकास कमी करा" हे वाक्य ऐकलं की मी आधी विचारतो, कुणाचा? भारतात माणशी वर्षाला १४०० युनिटच्या आसपास वीज वापरली जाते, जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. आणि ही सरासरी म्हणजे टॉवरमधला माणूस आणि पालातला माणूस एकत्र मिसळून काढलेली. पालातल्या माणसाला अजून वापरायचं आहे. त्याच्या घरी पंखा, फ्रीज, मुलाच्या अभ्यासाला दिवा येऊ दे. वापर वाढला की धूर वाढणार हे खरं, पण तो किती वाढेल हे निसर्गाने ठरवलेलं नाही. वीज कशापासून करायची, चिमणीला कोणतं यंत्र लावायचं, माल रेल्वेने न्यायचा की ट्रकने, माणसांसाठी बस घ्यायची की मोटारींसाठी पूल बांधायचा, हे सगळे मंत्रालयात घेतलेले निर्णय आहेत.

चिमणीचंच घ्या. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांसाठी नवे नियम केले. गंधकाचा धूर पकडणारी यंत्रणा दोन वर्षांत बसवायची होती. मग मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ. शेवटी जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूटच देऊन टाकली. दिल्ली परिसर आणि दहा लाखांवरची शहरं यांच्या दहा किलोमीटरच्या आतल्या केंद्रांना ती बसवावी लागेल, अतिप्रदूषित क्षेत्रातल्या केंद्रांचा विचार एकेक प्रकरण पाहून होईल, बाकीच्यांची सुटका. म्हणजे फुप्फुसाची किंमत शहराच्या लोकसंख्येवर ठरली. एक व्यक्ती एक मूल्य म्हणतो ना आपण?

इथे एक कबुली द्यायला हवी. आपल्याकडे सगळ्याचं उत्तर 'खाजगीकरण हटवा' असं देण्याची सवय आहे. 'राज्ये आणि अल्पसंख्याक'मध्ये बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असं म्हटलं आणि ते मला आजही पटतं. पण चंद्रपूरचं केंद्र सरकारीच आहे. मालकी सरकारी असली म्हणून धूर पांढरा होत नाही. शेजारच्या वस्तीला सरकारला जाब विचारता आला पाहिजे, नाहीतर मालक बदलून काही उपयोग नाही.

आता वाहतूक. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काळात देशातला ८० टक्क्यांहून जास्त माल रेल्वेने जात होता, आज ३० टक्क्यांहूनही कमी. उरलेला रस्त्यावर, डिझेलवर. त्या रस्त्याच्या कडेला कोण राहतं? पुण्या-मुंबईत, नागपुरात, कुठेही जा, हायवेला लागून जी वस्ती असते ती कुणाची असते हे मी आंबेडकरी वाचकाला सांगायची गरज नाही. आपल्याला जागा मिळाली ती नेहमी अशीच: गावकुसाबाहेर, नाल्याच्या काठी, डम्पिंगच्या पायथ्याशी. माहुलचं उदाहरण ताजं आहे. तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारच्या या भागातली हवा रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, हे हरित लवादाने २०१५ मध्येच मान्य केलं होतं. तरी २०१७ पासून तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या पाडून लोकांना तिथेच पाठवलं. शेवटी २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की या कुटुंबांना दुसरीकडे राहायला महिना १५ हजार रुपये भाडं द्या.

त्याच शहरात १३ हजार कोटींहून अधिक खर्चून सागरी किनारा मार्ग बांधला आणि मार्च २०२४ मध्ये त्याचा पहिला टप्पा खुला केला. दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी. जेवणाचे डबे आणि पार्सलं पोचवणारा पोरगा त्यावर जाऊ शकत नाही. आणि मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान भाडं पाचवरून थेट दहा रुपये झालं. जो माणूस सगळ्यात कमी धूर करून कामावर जातो, लोकलने, बसने, पायी, त्याच्याकडून दुप्पट घ्यायचे. जो एकटा एका मोटारीत बसून जातो त्याला समुद्र बुजवून रस्ता द्यायचा. मग हिवाळ्यात हवा बिघडली की हाक येते, "नागरिकांनी वाहनांचा वापर कमी करावा." कोणत्या नागरिकांनी?

चुलीबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर मी सोयीचं तेवढंच लिहिलं असं होईल. लाकूड आणि गोवऱ्यांचा धूर हा देशातल्या सूक्ष्म कणांच्या प्रदूषणातला मोठा वाटा आहे आणि तो आधी आपल्या आया-बहिणींच्या छातीत जातो. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, शेगडी घरोघरी गेली. पण सिलिंडर भरायला पैसे नसले की शेगडी कोपऱ्यात आणि चूल पुन्हा पेटलेली, हे आपल्या किती घरांत आहे ते मोजा. ही बाई प्रदूषण करते म्हणायचं की तिला इंधन परवडत नाही म्हणायचं, यावर पुढचं धोरण ठरतं. मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या पाव-भट्ट्यांना जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने सहा महिन्यांत इंधन बदलायला सांगितलं. भट्टीचा धूर खराच आहे, बदल व्हायलाच हवा. पण पाववाल्याला सहा महिने आणि वीज केंद्राला दहा वर्षं आणि वर माफी, हा न्याय मला समजत नाही.

धूर म्हणजे अर्थव्यवस्थाच, याचा पुरावा आपण २०२० मध्ये डोळ्यांनी पाहिला. कारखाने थांबले, गाड्या थांबल्या, विजेची मागणी पडली आणि आठवड्याभरात आकाश निळं झालं. बाल्कनीतून फोटो टाकले गेले, निसर्ग श्वास घेतोय म्हणून. त्याच निळ्या आकाशाखाली ७ मेच्या संध्याकाळी जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर रेल्वे रुळावरून गावाकडे चालत निघाले होते. करमाडजवळ थकून रुळावर झोपले आणि ८ मेच्या पहाटे मालगाडीखाली सोळा जण गेले. जालना हे केंद्राच्या हवा-सुधार कार्यक्रमातल्या प्रदूषित शहरांपैकी एक. भट्टी चालू असताना तिचा धूर या मजुरांनी घेतला आणि भट्टी बंद झाली तेव्हा रस्ताही यांनीच तुडवला. अर्थव्यवस्था चालली तरी आणि थांबली तरी किंमत मोजणारे तेच.

म्हणून त्या कार्यकर्त्याला माझं उत्तर असं की हा आपलाच विषय आहे. स्वच्छ हवा हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे कलम २१ चा भाग आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलं. मागायचं काय तेही अवघड नाही. चिमण्यांना यंत्रं, वस्तीतून जाणारे कोळशाचे ट्रक बंद, गरिबाला परवडेल असं सिलिंडर आणि बसभाडं, आणि राख झेलणाऱ्या गावांना विजेच्या उत्पन्नात वाटा. भीक म्हणून नाही, इतकी वर्षं आपल्या अंगावर ढकललेला खर्च म्हणून.

येत्या १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलच्या रांगेत आम्ही काही जण एक टेबल लावणार आहोत. ज्यांच्या घरात दमा आहे, खोकला जात नाही, त्यांनी दवाखान्याचे कागद आणावेत. झेरॉक्स आम्ही काढू. वॉर्ड, घर रस्त्यापासून किती लांब, स्वयंपाक कशावर, एवढंच विचारू. माहितीच्या अधिकारातले अर्जही तिथेच भरून देऊ.

जय भीम.