कुणीच वाचलं नाही म्हणे!

अमेरिकेत वायोमिंग राज्यात एका टेकडीवर दगडी स्मारक उभं आहे. पाटीवर शेवटी कोरलंय, कुणीही वाचलं नाही. साफ खोटं! त्या दिवशी हजारावर माणसं तिथनं जिवंत घरी गेली. पण ती इंडियन होती. दगड कोरणाऱ्याच्या हिशेबात ती माणसंच नव्हती.

दोस्तहो, १९७२ साली आपण ब्लॅक पँथरांचं नाव घेतलं. काळ्यांची लढाई आपल्याला पाठ आहे. आता हीही पाठ करा.

मोंटानात सोनं सापडलं. तिकडं जाणारा बोझमन रस्ता लाकोटांच्या शिकारीच्या मुलखातनं जात होता. १८६६ च्या उन्हाळ्यात फोर्ट लॅरमीला सरकार त्यांच्याशी रस्त्यासाठी बोलणी करत बसलं होतं. बोलणी संपायच्या आत कर्नल कॅरिंग्टन फौज घेऊन हजर! तोंडानं परवानगी मागायची आणि हातानं खांब रोवायचे. जुलैत फोर्ट फिल कर्नीचं काम सुरू झालं. चहूबाजूंनी पाइनच्या ओंडक्यांचं कुंपण. लाकोटा, शायेन, अरापाहो एक झाले. लाकडं आणायला निघालेल्या गाड्यांवर हल्ले करून त्यांनी फौजेला जेरीस आणलं. २१ डिसेंबरला मोजक्या स्वारांनी हूल दिली, कॅप्टन फेटरमन त्यांच्यामागं धावला, आणि त्याच्यासकट ८१ जण खलास.

गोऱ्यांनी ह्याला नाव दिलं 'फेटरमन हत्याकांड'. हत्यारबंद फौज दुसऱ्याच्या मुलखात घुसली, लढाईत हरली, आणि ते म्हणे हत्याकांड! त्याआधी दोनच वर्षं, २९ नोव्हेंबर १८६४ ला, कोलोरॅडोत सँड क्रीकला फौजेनं शायेन-अरापाहोंची वस्ती कापून काढली. दीडशेवर मेले. बाया, पोरं, म्हातारेच जास्त. कर्नल चिव्हिंग्टननं वर कळवलं, लढाई जिंकली. १९५० साली तिथं दगड बसवला, त्यावरही 'रणभूमी'च. गोरे मेले की हत्याकांड, इंडियन मेले की लढाई. वळखीची वाटते ना ही भाषा?

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलं, हा सूड होता. जात त्या निकालात बसलीच नाही. गावातल्या कुत्र्यामांजराला ठाऊक होती, कागदाला ठाऊक नव्हती.

तो किल्ला जेमतेम दोन वर्षं टिकला. १८६८ च्या तहात सरकारनं रस्ता सोडला, ऑगस्टमध्ये फौज निघाली आणि इंडियनांनी किल्ला जाळून टाकला. रेड क्लाऊडनं सही केली ती त्यानंतर, नोव्हेंबरात. आधी किल्ला उठवा, मग सही! पण लढून जिंकलेलं कागदावर गेलं, आणि कागद सरकारचा. १८७४ ला ब्लॅक हिल्समध्ये सोनं दिसलं, १८७७ ला कायदा करून सरकारनं डोंगर गिळले. १९८० ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं भरपाई मंजूर केली. लाकोटांनी ती उचलली नाही. डोंगर विकायला काढलेच नव्हते, म्हणाले.

आपल्यातले काही म्हणतात, आधी लढू, लिहायचं बघू नंतर. मी म्हणतो, नंतर लिहायला दुसराच बसलेला असतो. लाकोटा चामड्यावर दर सालाचं एक चित्र काढत. त्या हिवाळ्याची त्यांची नोंद आहे, शंभर गोरे मारले ते साल. ही नोंद आहे म्हणून त्या दगडाला आज कुणीतरी खोटं पाडू शकतो.

तेव्हा अत्याचार झालेल्या वस्तीत गेलात, तर भाषण ठोकायच्या आधी वही काढा. नावं, वेळ, कोण काय बोललं, कुठली शिवी दिली, सगळं त्याच दिवशी उतरवा. पोलीस ठाण्यात आपल्या माणसाशेजारी बसा. फिर्यादीत जात आलीय का, कलमं लागलीत का, शब्द न् शब्द मोठ्यानं वाचून घ्या. तोवर सही नाही, अंगठाही नाही.

जय भीम!