रातपाळीवाल्याची झोप रात्री कशी मोजता?

गेल्या दोन महिन्यांतल्या पत्रांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा आली आहे. तिसऱ्या पाळीचा कामगार किंवा रात्रीच्या ड्यूटीची नर्स स्लीप स्टडीसाठी येते. लॅब रात्रीच चालते, म्हणून साडेदहाला लाइट्स ऑफ. जो माणूस तीन आठवडे सकाळी नवाला अंथरुणाला पाठ टेकतो आहे, त्याचा हिप्नोग्राम दिवसपाळीवाल्याच्या नॉर्मल रेंजशेजारी छापून हातात दिला जातो. दिवसा स्टडी केली तर 'ओव्हरनाइट' हा शब्द नाही म्हणून बिल परत आल्याचेही काहींनी कळवले आहे. एका शब्दासाठी पेशंटला चुकीच्या वेळी झोपवायला लावणारा हा कारभार संतापजनक आहे. पण आपल्या हातात होते तेवढे तरी आपण कुठे केले?

बॉर्बेलींनी 1982 साली मांडलेले दोन प्रक्रियांचे मॉडेल आपल्याला पाठ आहे, रिपोर्ट लिहिताना मात्र ते आठवत नाही. एन-थ्री किती येणार हे मुख्यतः आधीच्या जागरणावर ठरते, रेम किती येणार हे बऱ्याच अंशी शरीराच्या घड्याळावर. डाइक आणि साइझलर यांनी 1995 मध्ये माणसांना 28 तासांच्या 'दिवसा'वर ठेवून हे दोन धागे वेगळे करून दाखवले. आता तोच पेशंट दोन तऱ्हांनी आला असे धरा. दुपारी तीनपर्यंत झोपून आला, तर लाइट्स ऑफच्या वेळी तो जेमतेम साडेसात तास जागा आहे. लेटन्सी लांबते, एन-थ्री कमी भरतो आणि रिपोर्टवर निद्रानाश उमटतो. उलट रातपाळी करून, दिवसभर मुलांची शाळा आणि बँकेची कामे उरकून न झोपता आला, तर त्याच्या जागरणाला तीस तास उलटलेले असतात. मग चार-पाच मिनिटांत झोप, पहिले दोन-अडीच तास एपॉकमागून एपॉक 75 मायक्रोव्होल्टच्या वर जाणाऱ्या संथ लाटा आणि रेम मागे ढकललेला. तुटलेल्या झोपेची भरपाई आधी एन-थ्रीची होते, रेमची बहुधा त्यानंतरच्या रात्री. माणूस तोच, पण रिपोर्ट दोन, आणि दोन्हींवर आपलीच सही.

'आम्हाला एएचआयशी मतलब, टप्प्यांचे काय?' असे काही सभासद म्हणतात. पण एएचआय टप्प्यांपासून सुटा नाही. रेममध्ये घशाचे स्नायू सर्वांत सैल पडतात आणि अनेकांचे ॲप्निया तिथेच गोळा होतात. एन-थ्रीमध्ये श्वास तुलनेने स्थिर असतो. रेम आटलेल्या रात्री एएचआय सौम्य आला म्हणून सीपॅप नाकारला, तर तो निर्णय त्या एका रात्रीपुरताच खरा असतो. एमएसएलटीत तर याहून मोठे नुकसान होते. रात्रीची झोप मोडलेल्या माणसाला सकाळी नवाच्या नॅपमध्ये थेट रेम लागणे अगदी शक्य आहे, कारण रेमचा जोर पहाटेपासून सकाळपर्यंत असतो. अशा दोन सोरेम्प आणि आठ मिनिटांच्या आतली सरासरी लेटन्सी जुळली की नार्कोलेप्सीचा शिक्का बसतो. तो माणूस ड्रायव्हर असेल तर त्याची नोकरीच पणाला लागते. आधीची पॉलिसोम्नोग्राफी त्या व्यक्तीच्या मुख्य झोपेच्या वेळीच करावी, असे एमएसएलटीच्या 2005 च्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. ते काही आमचे नवे मत नव्हे.

दिवसा केलेल्या स्टडीलाही मर्यादा आहेत, हा आक्षेप खरा आहे. रातपाळीनंतरची झोप साधारण दोन ते चार तासांनी कमी भरते. एन-थ्री बराचसा टिकतो, एन-टू आणि रेम कापले जातात. आपले तक्ते रात्रीच्या झोपेवरून केलेले असल्याने टक्केवारीची तुलना अवघड जाते. तरीही पेशंट रोज झोपतो ती झोप हीच आहे, आणि त्याचा घसा बंद पडतो तोही याच झोपेत. टक्केवारीपुढे 'दिवसाची झोप' असे स्पष्ट लिहिले की वाचणारा डॉक्टर फसत नाही. राहिला मनुष्यबळाचा प्रश्न. छोट्या लॅबला रोज दिवसाची पाळी परवडणार नाही, हे मान्य. पण आठवड्यातला एक दिवस ठरवून, खिडक्यांना काळे पडदे लावून एक खोली राखणे अशक्य नाही.

तोवर निदान एवढे करा. इलेक्ट्रोडची पेस्ट उघडण्याआधी पेशंटकडून कागदावर लिहून घ्या: शेवटची झोप केव्हा लागली, केव्हा मोडली, आणि गेल्या चौदा दिवसांत कोणत्या तारखेला कोणती पाळी होती. टेक्निशियन मित्रांनो, हा कागद नसेल तर स्कोअरिंग हातात घेऊ नका. सही करणाऱ्या डॉक्टरांनो, लाइट्स ऑफच्या वेळेखालीच 'आधीचे जागरण : इतके तास' ही ओळ घाला. आणि ज्यांची बिले 'ओव्हरनाइट' नाही म्हणून परत आली, त्यांनी नकाराच्या पत्राची प्रत पेशंटचे नाव झाकून या महिनाअखेरीपर्यंत आमच्याकडे पाठवा. ती सगळी एकत्र बांधून विमा नियामकापुढे ठेवायची आहेत, आणि दोन-चार पत्रांनी तिथे काही हलणार नाही.