एका वासाचे नाव



मृग लागून दोनच दिवस झाले होते. गावातली बैठक आटोपून एका घरी ओसरीवर चहा घेत बसलो होतो. तेवढ्यात एक जोरदार सर आली, अन् मातीचा वास सुटला. घरातली बारावीची नात म्हणाली, "काका, या वासाला इंग्रजीत नाव आहे. पेट्रिकोर!"

"कसली पेटी?" आतून आजीबाईंनी विचारले. सगळे हसले. खरे सांगतो, बी.एस्सी. होऊन तीस वर्षे मातीत घालवली, पण हा शब्द मलाही नवाच होता.

मग शोध घेतला. १९६४ साली ऑस्ट्रेलियातील इसाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी तो घडवला. ग्रीक भाषेत 'पेट्रा' म्हणजे दगड आणि 'इकोर' म्हणजे तिकडच्या पुराणातील देवांच्या अंगात वाहणारा रस. कोरड्या दिवसांत झाडाझुडपांतून निघालेली तेले माती-दगडात मुरतात आणि पावसाच्या थेंबाबरोबर बाहेर येतात. मातीतल्या सूक्ष्म जिवाणूंनी तयार केलेले जिओस्मिन त्यात मिसळते. आपल्याकडे कनौजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीतून हाच वास चंदनाच्या तेलात उतरवतात.

पण आपल्या कामाची गोष्ट पुढेच आहे. १९६५ साली त्याच दोघांनी दाखवून दिले, की हे तेल बियाण्याची उगवण लांबवते आणि रोपाची सुरुवातीची वाढ मंदावते. ज्या वासाने आपण पेरणीला धावतो, तोच बियाला 'थांब' म्हणतो! अर्थात आपल्या शिवारात खरी अडचण तेलाची नाही, ओलीची आहे.

माझे वडील या वासाला भुलत. मी नववीत असताना पहिल्याच सरीवर त्यांनी बाजरी पेरली. कोंब वर आले आणि तीन आठवडे उघडीप पडली. दुबार पेरणीसाठी आईच्या पाटल्या मोडल्या. त्या पुन्हा झाल्या नाहीत. त्या पावसाळ्यात वडील जेवताना मान वर करीत नसत.

त्या ओसरीसमोरही पेरणीयंत्र ट्रॅक्टरला जोडून तयार होते, सोयाबीनच्या पिशव्यांची तोंडे उघडलेली. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे बैठकीत नुकतेच सांगितले होते. ऐकले सगळ्यांनी, पण वास सुटल्यावर कोण थांबतो? मी खुरपे मागितले आणि शेतात जाऊन वीतभर उकरले. वर चार बोटे ओल, खाली फुफाटा. तो मूठभर आणून आजीबाईंच्या हातावर ठेवला. त्यांनी तो बोटांनी चोळला, मुलाकडे पाहिले आणि ट्रॅक्टरची किल्ली मागून घेऊन कनवटीला लावली.

आज पाच दिवस झाले. पाऊस नाही. किल्ली अजून कनवटीलाच आहे म्हणे.