आधी तोंड बघा!



क्योतोत दर महिन्याच्या २१ तारखेला तोजी देवळात जुना बाजार भरतो. पुण्याच्या जुन्या बाजारात फिरलेल्याला तिथे लगेच घरच्यासारखं वाटतं. पंचाईत एवढीच, की काचेच्या निम्म्या वस्तू कशासाठी आहेत हेच कळत नाही, आणि विकणाऱ्या आजोबांचं जपानी आपल्या डोक्यावरून जातं. माझा इंजिनियरी नियम सोपा आहे: रंग, नक्षी सोडा, आधी तोंड कुठे आहे ते बघा.

तोंड तळाला, त्याची कड आत वळलेली, खाली तीन छोटे पाय आणि वर बूच? हे माशा पकडायचं भांडं. आतल्या खोलगट कडेत पाणी, खाली काहीतरी गोड. खाऊन झालं की माशी उजेडाकडे, म्हणजे वर उडते आणि आतच अडकते. छतापर्यंत पोचणारी नळी, वर नरसाळं, खाली फुगा? तीही माशांसाठीच. छतावरच्या माशीला नरसाळ्याने झाकायचं, की ती थेट खालच्या पाण्यात!

मानेला चिमटा आणि आत गोटी असेल तर सांगायलाच नको. आपला गोटी सोडा! जपानीत 'रामुने'. हायरम कॉड या इंग्रजाची ही करामत १८७० च्या दशकातली. गॅसच्या दाबाने गोटी रबरी रिंगला चिकटते आणि तोंड बंद.

तोंडच नसलेला हिरवट गोळा, एका जागी काचेचं बटण? ते मासेमारीच्या जाळ्याचं तरंगतं, 'उकिदामा'. फुंकणीचं भोक बुजवल्याची ती खूण. कधीकधी आत थोडं पाणी असतं; समुद्रात खोल गेल्यावर बारीक फटींतून दाबाने शिरलेलं.

पण बंद काचेत द्रव असेल आणि वस्तू नक्की ओळखता येत नसेल, तर हात लावू नका. आगीवर फेकायच्या जुन्या काचगोळ्यांत कार्बन टेट्राक्लोराइड असू शकतं. ते विषारी, आणि तापलं की त्यातून फॉस्जीन निघतो. कानागावात तर २००२ साली सामुकावाला रस्त्याच्या कामात बिअरच्या बाटल्या निघाल्या. आत होता युद्धकाळातला मस्टर्ड गॅस, आणि कामगारांना इजा झाली. २००३ मध्ये हिरात्सुकाला हायड्रोजन सायनाइड असलेली काच सापडली. दोन्ही जागा जुन्या नौदलाच्या.

हल्ली आपल्यातले काहीजण स्वस्तात जुनी 'आकिया' घरं बघताहेत, म्हणून मुद्दाम लिहिलं. माळ्यावर किंवा अंगणात असं काही दिसलं तर हलवून बघू नका, उघडू नका. लांब व्हा आणि ११० ला फोन करा.

असो. तुमच्याकडे एखादी गूढ काच असेल तर तोंड कसं आहे तेवढं आधी कळवा!