प्रवासाच्या अडतीचा हिशेब

ज्या कंपनीची माणसे कामानिमित्त आज दिल्लीस, उद्या चेन्नईस आणि पुढल्या पंधरवड्यात फ्रँकफुर्टला जात असतात, तिच्या हिशेबखात्यात दरमहा येणारी प्रवासबिले चाळून पाहिली असता एक गोष्ट सहज ध्यानात येते, ती अशी की लक्षावधी रुपयांच्या विमानभाड्याविषयी फारशी विचारपूस न करणारा खरेदी विभाग, तिकीट काढून देणाऱ्या एजन्सीच्या दोन-तीनशे रुपयांच्या सेवाशुल्कावर मात्र बैठकींमागून बैठकी घासाघीस करीत राहतो, आणि अखेरीस जी एजन्सी शुल्काच्या रकान्यात शून्य किंवा एखादा नाममात्र आकडा भरते तिच्याच पदरात काम पडते. ही प्रथा खाजगी उद्योगांत आणि सार्वजनिक उपक्रमांतही आता इतकी रूढ झाली आहे की तिच्यात काही वावगे आहे असे कोणास वाटेनासे झाले आहे. मला ती व्यवहाराच्या दृष्टीने तोट्याची आणि सचोटीच्या दृष्टीने घातक वाटते. आणि ज्या धंद्यात महाराष्ट्रातील हजारो तरुण मुले-मुली आज उपजीविका करीत आहेत त्याचा पाया अशा रीतीने पोखरला जावा, याचा खेदही वाटतो.

हे शुल्क ज्या कामासाठी घेतले जाते त्याचे स्वरूप बाहेरच्याला पुरते दिसत नाही. तिकीट काढणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग होय. बैठक दोन दिवस पुढे गेली म्हणून तिकीट बदलणे, धुक्यामुळे विमान रद्द होऊन दिल्लीत अडकलेल्या अभियंत्याला रात्री दोन वाजता दुसऱ्या विमानात जागा मिळवून देणे, व्हिसाच्या कागदांत राहिलेली उणीव वकिलातीतील मुलाखतीपूर्वी भरून काढणे, रद्द तिकिटाचा परतावा विमान कंपनीच्या मागे लागून वसूल करणे आणि या साऱ्याचा जमाखर्च जीएसटीच्या बिलांसह हिशेबनिसापुढे ठेवणे, हे खरे काम. मोठ्या कंपन्यांत तर एजन्सीचा माणूस कंपनीच्याच कचेरीत टेबल मांडून बसलेला असतो. धंद्यातील लोक त्याला ‘इम्प्लांट’ म्हणतात. त्याचा पगार, त्याचा संगणक, त्याच्या रात्रपाळीचा भत्ता हा खर्च कोणीतरी सोसतोच, आणि शुल्क शून्य असताना तो कोण सोसतो हे विचारणे ग्राहकाचे कर्तव्य आहे.

पूर्वी या प्रश्नाला उघड उत्तर होते. टॉमस कुकने ५ जुलै १८४१ रोजी लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसे दरडोई एक शिलिंग घेऊन आगगाडीने नेली, तेथपासून पुढे त्याच्या पेढीचा जो विस्तार झाला आणि १८८१ साली जिची कचेरी मुंबईतही उघडली, त्या सगळ्याचा आधार वाहतूक कंपनीने विक्रीवर दिलेले कमिशन हाच होता. विमानयुगातही तीच रीत चालली. ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या संघटनेच्या नियमांनुसार आपल्याकडील एजंटाला मूळ भाड्याच्या नऊ टक्के मिळत. प्रवाशाला वेगळे काही द्यावे लागत नसे. या रीतीतही दोष होताच. तिकीट जितके महाग तितकी एजंटाची मिळकत अधिक, म्हणजे ग्राहकाचे पैसे वाचविणाऱ्याला त्याच्या चोख कामाबद्दल दंड व्हावा, अशी तिची रचना होती. तथापि ती सर्वांना ठाऊक होती, आणि जे सर्वांना ठाऊक असते त्यावर उपाय तरी योजता येतो.

ही व्यवस्था मोडली ती प्रथम अमेरिकेत. तेथे १९७८ च्या कायद्याने विमानभाडी मुक्त झाली, स्पर्धा वाढली, आणि १९९५ च्या फेब्रुवारीत डेल्टा कंपनीने देशांतर्गत परतीच्या तिकिटामागे पन्नास डॉलरांहून अधिक कमिशन न देण्याचे जाहीर केले. इतर कंपन्या तिच्या मागोमाग गेल्या, आणि २००२ च्या मार्चपर्यंत मूळ कमिशन संपुष्टात आले. आपल्याकडे नवाचे पाच टक्के होत होत २००८ च्या नोव्हेंबरपासून प्रमुख कंपन्यांनी ते बंद केले. एजंटांच्या संघटनांनी निषेध केला, बहिष्कार पुकारले, सरकारदरबारी आणि न्यायालयांत धाव घेतली. पण इंधनाच्या भाववाढीने मेटाकुटीस आलेल्या आणि आपापल्या संकेतस्थळांवरून थेट तिकिटे विकू लागलेल्या कंपन्या बधल्या नाहीत. ‘यापुढे मोबदला प्रवाशाकडून घ्या’ असे त्यांनी एजंटांना सांगून टाकले.

महाराष्ट्रातील वाचकाला हे स्थित्यंतर परके वाटण्याचे कारण नाही. बाजार समित्यांत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जाणारी फळे-भाजीपाल्याची अडत खरेदीदाराकडून घ्यावी, असे राज्य सरकारने २०१६ च्या जुलैमध्ये ठरविले तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले होते, कारण अडत कोणाच्या खिशातून निघते यावर अडत्या कोणाचा माणूस आहे हे पुष्कळ अंशी ठरते, ही गोष्ट बाजारातील लहानथोर सर्वांना पक्की ठाऊक होती. तेथे निदान या प्रश्नावर चार दिवस उघड भांडण झाले. प्रवासाच्या धंद्यात मात्र विकणाऱ्याने अडत बंद केली आणि घेणाऱ्याने ती देण्याचे नाकारले; मग मध्यस्थाने आपली मिळकत पडद्याआड हलविली, आणि त्याविषयी सर्वांनी सोयिस्कर मौन पाळले.

त्या पडद्याआड काय आहे, ते तपशिलाने पाहिले पाहिजे. मूळ कमिशन गेले तरी ठरलेल्या विक्रीचा टप्पा गाठणाऱ्या मोठ्या एजन्सीला विमान कंपनी वेगळे पारितोषिक देते. धंद्याच्या भाषेत त्याला ‘पीएलबी’ म्हणतात. ज्या संगणकीय आरक्षण प्रणालींतून, म्हणजे अमेडिअस, सेबर, गॅलिलिओ यांसारख्या जाळ्यांतून, एजन्सी तिकिटे काढते त्या प्रणाली विमान कंपनीकडून दर आरक्षणामागे शुल्क घेतात आणि त्यातला वाटा एजन्सीकडे परत वळवितात. हा भार इतका जाणवू लागला की लुफ्थान्साने १ सप्टेंबर २०१५ पासून या मार्गाने काढलेल्या प्रत्येक तिकिटावर सोळा युरोंचा अधिभारच बसविला. याखेरीज हॉटेलांचे कमिशन आहे, परकीय चलनावरील आणि प्रवासविम्यावरील मिळकत आहे, आणि सर्वांत अंधारी वाट म्हणजे ‘नेट फेअर’ची : कंपनी एजन्सीला एक उतरता दर देते, एजन्सी त्यावर आपला ‘मार्कअप’ चढविते, आणि ग्राहकाच्या बिलावर दोहोंची बेरीज ‘विमानभाडे’ या एकाच नावाने उमटते.

या शेवटल्या प्रकाराची कागदोपत्री साक्ष थेट सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात सापडते. सिंगापूर एअरलाइन्स आणि इतर काही परदेशी कंपन्यांच्या आयकर प्रकरणात १४ नोव्हेंबर २०२२ रोजी निर्णय झाला, तेव्हा प्रश्न असा होता की नऊ टक्के कमिशनाखेरीज एजंट नेट फेअरवर जी अधिक रक्कम मिळवीत त्या ‘पूरक कमिशना’वर विमान कंपनीने मुळातून करकपात करावयास हवी होती की नाही. एजंट तिकीट कितीला विकतो हे आम्हांस कळत नाही, असा कंपन्यांचा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही. एजंट हा कंपनीचा हस्तकच आहे आणि ती अधिक रक्कम हे कमिशनच आहे, असा निर्वाळा दिला. प्रकरण कराचे होते आणि २००१-०२ या आकारणी वर्षाचे होते. परंतु प्रवासखर्च मंजूर करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने ते वाचावे. एजंट कायद्याने विक्रेत्याचा हस्तक, कराराने खरेदीदाराचा सेवक आणि मिळकतीने दोघांपैकी जो अधिक देईल त्याचा, अशी त्रिविध निष्ठा ज्याच्यावर लादली गेली आहे त्याच्याकडून निःपक्ष सल्ल्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? दुपारच्या दोन विमानांपैकी स्वस्त कोणते, हे त्याने सांगावे अशी तुमची इच्छा असते. परंतु पारितोषिकाचा टप्पा गाठण्यास ज्या कंपनीची दहा तिकिटे कमी पडत आहेत, तिचेच नाव त्याच्या पडद्यावर वर यावे असा मोह तुम्हीच, शून्य शुल्क ठरवून, त्याच्यापुढे उभा केलेला असतो.

या धंद्यातील उधारीचा प्रकार तर याहून कठोर आहे, आणि त्याविषयी फार थोडे बोलले जाते. विकलेल्या तिकिटांचे पैसे ‘आयाटा’च्या वसुली व्यवस्थेत आठवड्याच्या किंवा पंधरवड्याच्या ठरल्या तारखेस भरावेच लागतात, चुकल्यास बँकेची हमी जप्त होते आणि तिकीट काढण्याचा अधिकारही जातो. इकडे ग्राहक कंपनी मात्र पंचेचाळीस वा साठ दिवसांची मुदत करारातच लिहून घेते आणि प्रत्यक्षात तीही पाळत नाही. म्हणजे पुण्या-नाशकातील एखादी मध्यम एजन्सी आपल्याहून शंभरपट मोठ्या उद्योगाला महिनोन्‌महिने बिनव्याजी कर्ज पुरवीत असते, आणि त्या कर्जाचे व्याज ती बँकेला भरते. जी एजन्सी हे व्याज उघड मागू शकत नाही ती ते दुसरीकडून काढते : कधी भाड्यातून, कधी रद्द तिकिटाचा परतावा आपल्याकडे काही आठवडे अडकवून. टाळेबंदीच्या काळात परताव्यांचा जो गुंता झाला आणि ज्यात १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला, त्यात विमान कंपनी, एजंट आणि प्रवासी यांच्यामध्ये पैसा नेमका कोठे थांबला आहे हेच पुष्कळांना उमगत नव्हते. मोठ्या परदेशी एजन्सींना भांडवलाच्या बळावर हा ताण सोसतो. स्थानिक पेढ्या त्याखाली चिरडल्या जातात. गेल्या काही वर्षांत जगातील मोठ्या एजन्सींचे एकमेकींत जे विलीनीकरण चालले आहे, त्यानंतर ग्राहकाला निवडीसाठी कितीसे उरेल याचाही विचार आजच व्हावयास हवा.

मग शुल्क घ्यावे कसे? भाड्यावर टक्केवारी ही रीत मला सर्वांत वाईट वाटते, कारण तीत जुन्या कमिशनाचा दोष जसाच्या तसा राहतो. प्रत्येक तिकिटामागे ठरीव रक्कम ही त्याहून बरी. मात्र तीत प्रत्येक बदलाला आणि प्रत्येक रद्द तिकिटाला पुन्हा शुल्क लागत असल्याने, बदल टाळण्यात एजन्सीला रस उरत नाही, हे ध्यानी घेऊन दौऱ्यागणिक एकच शुल्क ठरविणे अधिक शहाणपणाचे. ज्यांचा प्रवास मोठा आहे त्यांनी तर एजन्सीच्या माणसांचा पगार व कचेरीचा खर्च मोजून त्यावर वाजवी नफा द्यावा आणि विमान कंपन्यांकडून व आरक्षण प्रणालींकडून जे जे मिळेल ते एजन्सीने ग्राहकाच्या खाती जमा करावे, हा मासिक मेहनतान्याचा प्रकार मला सर्वांत सरळ वाटतो. आपल्या १८७२ च्या करार कायद्याच्या २१३ व्या कलमाप्रमाणे मागणी होताच मालकाला खरा हिशेब देण्यास हस्तक बांधलेला आहे. आपणही मालक आहोत असे ग्राहकाला म्हणावयाचे असेल, तर त्याने मोबदला स्वतः दिला पाहिजे, आणि हिशेब दाखविण्याची अट करारनाम्यात स्वतः घातली पाहिजे.

या बाबतीत आपले नियमही काळाच्या मागे आहेत. जीएसटीच्या ३२ व्या नियमात विमान एजंटाच्या सेवेचे मूल्य देशांतर्गत प्रवासात मूळ भाड्याच्या पाच टक्के आणि परदेशप्रवासात दहा टक्के मानण्याची मुभा आहे, आणि ‘मूळ भाडे’ म्हणजे भाड्याच्या ज्या भागावर विमान कंपनी सामान्यतः कमिशन देते तो भाग, अशी व्याख्या तेथे दिली आहे. जे कमिशन २००८ सालीच बंद झाले त्याच्या मापाने २०१७ साली सेवा मोजावयाची ठरविली, यावरून धंद्याचे खरे स्वरूप शासनाच्या नजरेपुढे किती अस्पष्ट होते हे कळून येते. याउलट रेल्वेची रीत पाहावी : अधिकृत एजंटाने ई-तिकिटामागे साध्या वर्गासाठी वीस आणि वातानुकूलित वर्गासाठी चाळीस रुपयेच घ्यावेत, असे ठरलेले आहे. दर थोडा असेल, पण तो सर्वांना ठाऊक असतो. केंद्र सरकारनेही आपल्या नोकरांच्या विमानप्रवासासाठी बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी या तीनच एजन्सी नेमून दिल्या, आणि २०२२ च्या जूनमधील आदेशाने दौऱ्याचे तिकीट शक्यतो एकवीस दिवस आधी व सर्वांत कमी भाड्याचे काढावे, बहात्तर तासांच्या आत काढल्यास कारण लिहून द्यावे, असे बंधन घातले. खर्च वाचतो तो अशा शिस्तीने. खाजगी कंपन्यांनी हीच शिस्त आपल्या साहेबलोकांना लावली, तर एजन्सीच्या शुल्कातून खरडून काढलेल्या रकमेच्या कितीतरी पट बचत सहज होईल.

शून्य दराच्या निविदेचा धोका सरकारला ठाऊक नाही असेही नाही. सेवेच्या कंत्राटात कोणी शून्य मोबदला भरल्यास ती निविदा विचारातच घेऊ नये, असे वित्त मंत्रालयाने २०१४ च्या जानेवारीत स्पष्ट कळविलेले आहे. परंतु शून्याऐवजी एक रुपया भरला की या हुकुमाचे अक्षर पाळले जाते आणि हेतू बुडतो. म्हणून सार्वजनिक उपक्रमांनी प्रवाससेवेच्या निविदेत, एजन्सीची माणसे, रात्रपाळी आणि उधारीचे व्याज यांचा किमान खर्च आधी स्वतः मोजून, त्याखालचा दर भरणाऱ्याकडून त्याच्या इतर सर्व मिळकतींचे लेखी विवरण मागवावे, ते न दिल्यास त्याची निविदा बाद करावी, विमान कंपनीचे मूळ बिल प्रत्येक तिकिटासोबत जोडण्याची अट घालावी, आणि त्याच करारात आपण स्वतः पैसे किती दिवसांत चुकते करू व न केल्यास कोणत्या दराने व्याज देऊ, हेही लिहून द्यावे.