पाच लाख लिटरांचा हिशेब

जयपूरच्या चारदीवारीत नळाला दूरच्या बिसलपूर धरणाचं पाणी येतं. जवळचं रामगढ धरण कधीच आटलं. त्यामुळे इथेनॉलला कुणी ‘हरित इंधन’ म्हटलं की मी आधी पाणी मोजतो.

नीती आयोगाच्याच २०२१च्या आराखड्यानुसार उसाच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला पहिली पाणीगाडी गेली. तिच्या टाक्या आमच्या राजस्थानात, कोट्याला, वाफेने धुतल्या होत्या. तिने नेलेल्या पाच लाख लिटर पाण्यातून इथेनॉल किती झालं असतं? जेमतेम १७५ लिटर. वीस टक्के मिश्रणात ते बावीसेक मोटारींत संपतं.

परकीय चलन वाचतं, ऊसवाल्याला पैसे मिळतात, हे खरं. साखरेनंतर उरणाऱ्या मळीच्या इथेनॉलला माझा विरोधही नाही. पण मराठवाड्यात भूजल उपसून ऊस वाढवायचा आणि त्याच्या रसाला हरित म्हणायचं, ही शुद्ध फसवणूक आहे. धूर मोजता, तसा उपसाही मोजा. पंपावर दराखाली लिहा: इथेनॉल उसाचं असेल, तर या एका लिटरात ५७२ लिटर पाणी आहे.